जाऊबाईंना कुठे बसवायचं

लेकीच्या लग्नात मला जाऊबाईंची जिरवायची होती. उगाच सोवळेपणा कशाला दाखवू, तेच मनात होतं.

सात वर्षांपूर्वी लंडनमध्ये, स्टॅनमोरला त्यांच्या मुलीची हळद होती. माझा नवरा जाऊन जेमतेम वर्ष झालेलं. तरी दीडशे लाडू वळून, हॅरोहून बसने डबे घेऊन मी गेले. नवरीला हळद लावायला हात पुढे केला, तर जाऊबाईंनी चारचौघींत वाटी माझ्या हातून काढून घेतली. "तू नको गं. आधी सवाष्णींना लावू दे." आधी कसलं डोंबल! नंतरही कुणी बोलावलं नाही. मागे कोटांच्या ढिगाशेजारी बसून राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली, ती उतरलीच नाही.

गेल्या वर्षी माझे दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, वारले. आणि यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. म्हटलं, आता बघतेच.

जावई इंग्रज. भटजी नको, चर्चही नको, असं दोघांचं ठरलं. कायद्याच्या सह्या कौन्सिलच्या ऑफिसात आणि सोहळा सेलेब्रंटच्या हातून. म्हणजे घरच्यांशी बोलून लग्नाचा विधी नव्याने लिहून देणारी आणि त्या दिवशी तो चालवणारी बाई.

ती लॅपटॉप घेऊन आमच्या किचनमध्ये बसली. कोण काय करणार आणि का, हे कळल्याशिवाय ती एक ओळ लिहायची नाही. अंतरपाट झाला, मामा झाला, औक्षण झालं. मग तिने काकूचं विचारलं.

"तिला मागच्या रांगेत बसवा. विधीत कुठेच नको," मी म्हटलं.

"कारण?"

"आमच्यात विधवा पुढे येत नाहीत." कसं ठणकावून सांगितलं मी!

तिने टाइप केलं, थांबली, आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मग तुमची खुर्चीही मागेच ठेवायची ना?"

लेक माझ्याकडे बघतच राहिली. "आई, सिरियसली? तू पण मागे? मग माझ्याजवळ कोण असणार?" तिचे डोळे भरले.

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. सात वर्षं ज्या रीतीला शिव्या घातल्या, तीच मी माझ्या तोंडाने लेकीच्या लग्नात लिहून घेत होते.

"खोडा ते," मी म्हटलं. "औक्षण आम्ही दोघी करू. मी आणि काकू."

लेकीने मला मिठी मारली. तिला वाटलं, आईचा राग गेला. छे! राग कुठला जातोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. "जाऊबाई, नवरीला औक्षण तुम्ही करायचंय. सगळ्यांसमोर, पुढे उभं राहून."

"अगं, मला कसं चालेल?"

"का? काय झालं न चालायला?"

मला माहीत नव्हतं थोडंच! पण ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. "अगं, मी आता..." एवढंच त्या बोलल्या आणि रडायला लागल्या. मी समजूत घातली नाही. फोन कानाला लावून ऐकत राहिले आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

रडणं थांबल्यावर म्हटलं, "हिरवी साडी नेसून या. मीही हिरवीच नेसणार आहे."