पाच कळ्या आणि कुलकर्णीकाकांची पिशवी

माझा स्वभाव संशयी नाही. मी फक्त सगळ्यांवर लक्ष ठेवतो.

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात दरवर्षी पहिली पिओनी (गुलाबासारखं टपोरं फूल) फुलते ती शेजारच्या कुलकर्णीकाकांकडे, आणि ती बघायला आम्ही सगळे त्यांच्याकडे चहाला जातो. यंदा मात्र मी चंग बांधला होता. सगळ्यांत लवकर फुलणारी जात तीन वर्षांपूर्वीच लावून ठेवली होती (पानं थेट शेपूसारखी, पुण्याहून आलेल्या आईने दोनदा विचारलं, भाजी कधी काढायची म्हणून). मे लागताच पाच कळ्या धरल्या. मी लगेच मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "शनिवारी चहाला या. यंदाची पहिली पिओनी आमच्याकडे."

सोमवारी कळ्या चार होत्या. मंगळवारी तीन!

सशाचं काम म्हणावं, तर देठ कात्रीने कापल्यासारखे सरळ. घरात कोणाला बोललो नाही, आईलाही नाही. तपास गुप्त ठेवायचा असतो. बुधवारी दोन उरल्या आणि खिडकीतून मला दिसलं, कुलकर्णीकाका मॉर्निंग वॉकला निघालेत, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आता सकाळी पिशवी घेऊन निघालेला मराठी माणूस दुसऱ्याच्या कुंपणाशी काय करतो, हे मला कोणी सांगायला नको. माझं बालपण याच कामात गेलंय.

गुरुवारी एकच कळी उरली, आणि काका तिच्यापाशी वाकलेले सापडले. मी पायजम्यावरच धावलो.

"काका, पिशवीत काय आहे?"

"तुझ्यासाठीच आहे."

"दाखवा."

"अरे, इमिग्रेशनवाल्यांनी पण एवढं चेक केलं नव्हतं." त्यांनी पिशवी उलटी केली. चहाचा चोथा! "तू खत घालत नाहीस, म्हणून आठवडाभर मीच घालतोय. तुला काय वाटलं?"

"माझ्या चार कळ्या चोरीला गेल्यात."

"आणि चोर मी?"

"तसं नाही हो. रँडम चेकिंग."

काकांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आईने दारातून त्यांना चहाला बोलावलं. ते आत गेले, हात धुतले आणि सवयीने आधी देवाला नमस्कार करायला पँट्रीत शिरले (आमचं देवघर तिथेच, तांदळाच्या पोत्याशेजारी).

"ये रे इकडे," आतून हाक आली. "तुझा चोर सापडला."

गणपतीपुढे पाण्याच्या वाट्यांमध्ये चार लालभडक पिओनी उमलून बसल्या होत्या.

"बाहेर गारठ्यात उमलेनात, म्हणून रोज एक आणली," आई म्हणाली. "सोमवारपासून तिथेच आहेत. एकदा तरी हात जोडायला आला असतास, तर दिसल्या असत्या."

शनिवारी मंडळींना यंदाची पहिली पिओनी एकेक करून पँट्रीत दाखवली. रांग काकांनी सांभाळली.

तेव्हापासून मी रोज सकाळी देवापुढे उभा असतो. अमेरिकेत येऊन मुलगा देवभक्त झाला, असं आई सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगते. मी फुलं मोजत असतो.