नानांनी मागितलेला रस्ता

दुकानात गिऱ्हाईक आलं की नाना आधी भांडी दाखवत नसत. बाहेरच्या ओट्याकडे हात करत आणि म्हणत, “पहिले बठा. पानी पेवा. भांडा कोठे पळी जातीन?” मग गाव विचारत, घर विचारत, आणि त्या गावातला आपल्या ओळखीचा एखादा माणूस निघेपर्यंत ते गप्पा सोडत नसत. माणूस निघायचाच. शिरपूरपासून पारोळ्यापर्यंत त्यांची ओळख नाही असं गाव मला तरी कधी दिसलं नाही.

धुळ्याच्या जुन्या पेठेत त्यांचं पितळ-स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर माझी खोली. मी शिरपूरच्या पुढचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात तोंडातून अहिराणी निघाली तर मुलं हसतील, या भीतीने मी तेव्हा सगळ्यांशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत असे. नानांनाही तसंच विचारलं, “आपल्याकडे खोली भाड्याने मिळू शकेल का?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “भेटी. पन घरमा मायसंगे बी असंच बोलस का रे भो?” त्या दिवसापासून मी त्यांचा ‘कालेजवाला’ झालो.

लग्नसराईत दुकानाचं रूप बदलायचं. खेड्यांतून मुलीच्या आंदणाची भांडी घ्यायला अख्खं घर टेम्पोत बसून यायचं. आई, मामी, काका, मोहल्ल्यातल्या दोन जाणत्या बायका. भांडी निवडून झाली की खरं काम सुरू होई, ते नाव टाकण्याचं. मशीन घ्या म्हणून सगळे सांगत, पण नाना छिन्नी-हातोडीनेच नाव टाकत. नवऱ्याकडचं नाव घाला असं कोणी म्हटलं तर नकाराची मान हलवत, मुलीचंच टाकत. “आंडेरनं नाव टाकसू. भांडं तिनं शे.” हंडा, कळशी, डबे, परात, सगळ्यांवर नाव टाकायला दुपार जाई. तोवर घरची माणसं ओट्यावर बसत, भाकरी सोडत, भांडत, पेंगत. टेम्पो समोरच उभा असे. नानांचं दुकान त्या ओट्यावरच चालत होतं, हे मला फार नंतर उमगलं. नानांनाही बहुधा नंतरच.

कारण रस्ता रुंद व्हावा, ही पेठेत सगळ्यांत मोठी हौस नानांची होती. माल आणायला ते सुरतेला जात आणि येताना मालाबरोबर सुरतेचं वर्णनही आणत. “तठला रस्ता अशा शेत, दोन वराती समोरासमोर उन्यात तरी कोना घोडा थांबत नही.” मोजणीवाले येऊन भिंतींवर लाल खुणा करून गेले तेव्हा पेठेतले दुकानदार नानांच्या ओट्यावर जमले. बहुतेकांना विरोध करायचा होता. समोरच्या कापडदुकानाचे शेठ म्हणाले, “नाना, ओटा गेल्यावर तुमचं गिऱ्हाईक बसणार कुठे? तुमच्या डोक्यावर?”

“बसू दे ना. टक्कल शे, गादी टाकसू,” नाना म्हणाले. सगळे हसले. मग ते गंभीर झाले. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता आणि तिथलाच झाला होता. “आपलं गाव बारीक शे म्हनीसन पोरे जातंस. रस्ता मोठा व्हई ते गाव मोठं व्हई. मंग कोना पोऱ्याले काबर जानं पडी?”

एकेक करून सगळे तयार झाले. जेसीबी आला तेव्हा नानांनी आपलाच ओटा आधी दाखवला. चालवणाऱ्याला चहा पाजला. मी वरच्या खिडकीतून पाहत होतो. ओट्याचे दगड निघायला वेळ लागला, आणि नाना त्याला सांगत होते, “हळू कर भो, मना बापनी बसाडेल शेत.”

रस्ता खरंच चांगला झाला. काळाभोर, सरळ, मधे दुभाजक, त्यात झाडं. पहिले काही दिवस नाना संध्याकाळी दारात उभे राहून तो नुसता पाहत असत. गाड्या मात्र पेठेतून सुसाट निघून जात. थांबायला जागा नव्हती, थांबलेली गाडी क्रेन उचलून नेई. दुभाजकात फट होती ती पार चौकापाशी. पलीकडून येणाऱ्या खेडुतांना समोर दुकान दिसायचं, पण वळता यायचं नाही.

त्या लग्नसराईत पारोळ्याकडचं एक कुटुंब आलं. नाना हंड्यावर मुलीचं नाव टाकत होते आणि तेवढ्यात बाहेरून कोणीतरी सांगितलं, टेम्पो उचलला. सगळी माणसं उठून धावली. अर्ध्या नावाचा हंडा नानांच्या मांडीवर राहिला. ती परतली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले होते. मुलीचा काका शांतपणे म्हणाला, “नाना, राग नका धरज्यात. दुसरी आंडेरनी टाइमले हायवेवरल्या दुकानमा जासूत.” नाना म्हणाले, “राग कसाना? जा ना.”

शेठ मात्र सोडत नसत. त्यांचंही दुकान बसलं होतं. रोज शटर उघडताना विचारत, “काय नाना, आली का आपली सुरत?” नाना हसत. एकदा मी त्यांना म्हटलं, तुम्ही उलट बोलत का नाही? ते म्हणाले, “कोनावर रागे भरू? मीच ते मागेल व्हता.”

शेवटी ते मला सोबत घेऊन महापालिकेत गेले. मागणं साधं होतं. दुकानांसमोर थोडा वेळ गाडी उभी करू द्या, नाहीतर दुभाजकात एक फट ठेवा. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. तिथले साहेब चांगले होते. त्यांनी नानांना खुर्ची दिली, ऐकून घेतलं, नकाशा उघडला आणि दाखवलं की तिथे फट ठेवली तर मागे शाळेपर्यंत गाड्या तुंबतील. “तुमच्यासारख्यांनी साथ दिली म्हणून हे काम झालं, नाना,” ते म्हणाले. मी जुळवलेल्या वाक्यांतलं एकही त्या नकाशापुढे उभं राहीना. जिन्यावरून उतरताना नाना म्हणाले, “बरोबर शे त्यासनं.” मला वाटलं होतं, शिकलो की अशा वेळी काहीतरी करता येईल.

पुढच्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. मी वडिलांना बजावलं होतं, भांडी नानांकडूनच. टेम्पो आला, दुकानासमोर क्षणभर थांबला, आई आणि बहीण उतरल्या आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. वडील टेम्पो घेऊन पुढे गेले, चौकाला वळसा घालून आले, पुन्हा गेले. नाना दारात उभं राहून पाहत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी हात करून टेम्पो थांबवला, आई-बहिणीला आणि मला चढवलं आणि स्वतःही चढले. वडिलांना म्हणाले, “चाला हायवेवर. मी निवाडी देस.”

त्या मोठ्या दुकानात नानांनी माझ्या बहिणीसाठी भांडी निवडली. परातीचा काठ बोटाने तपासला, दोन डबे परत ठेवायला लावले. तिथल्या पोराने विचारलं, “काका, तुम्ही मुलीचे आजोबा का?” नाना हो म्हणाले. बाहेरच्या मोकळ्या पटांगणात आमचा टेम्पो निवांत उभा होता. त्याच्याकडे पाहत ते वडिलांना म्हणाले, “दुकान चांगलं शे. गाडी उभी ऱ्हास.”

परतताना आम्ही पेठेतून आलो, पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने. दुकान समोर आलं तेव्हा वडिलांनी वेग कमी केला. “नाना, थांबाडू का?”

“नको. उचली लेतीन. पुढे चौकमा उतार.”

चौकात ते उतरले. आईने त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “कालेजवाला, तू घर जा आते, लगीननी तयारी शे.” नंतर दुभाजकाच्या कडेने ते परत दुकानाकडे चालू लागले. गाड्या त्यांना हॉर्न देत होत्या आणि ते प्रत्येक गाडीसाठी थोडं बाजूला होत होते.

लग्न आटोपून मी खोलीवर आलो तेव्हा दुकान एका मोबाइलवाल्याने भाड्याने घेतलं होतं. नानांना मुलगा पुण्याला घेऊन गेला होता.