आईने पायावर न घेतलेलं लेकरू

दादा, मी घर सोडलं त्या सकाळी आई अंगणात शेजारच्यांच्या बाळाला न्हाऊ घालत होती. पाटावर बसून पाय लांब केलेले, पायांवर बाळ पालथं. मी बॅग घेऊन समोर उभी राहिले तरी तिने मान वर केली नाही. पाणी घालता घालता म्हणाली, "आपल्या मनानं लगीन करतीस ना, कर. पन तुझं लेकरू मी पायावर घ्यायची न्हाई." गावातल्या निम्म्या पोरांना तिने पायावर घेतलंय, आणि मला हे ऐकवलं.

तिने शब्द पाळला. इकडे करंजाड्याला मुलगी झाली. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, गिझर, ऑनलाइन मागवलेला गुलाबी टब, मोबाइलवर आंघोळीचा व्हिडिओ आणि माझ्या हातातून निसटणारं तेलकट बाळ. घाबरून आईला फोन लावला. पाणी कितपत गरम हवं, एवढंच विचारायचं होतं. "ज्याच्यासाठी गेलीस त्याला इचार," म्हणाली आणि फोन ठेवला.

मग जवळच्या गावातली मालिशवाली बाई ठेवली. हात फार चांगला, पण तोंड सतत सुरू. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुजी आय नाय आली गो?" मी सांगितलं, आई वारली. बोलताना जीभ अडखळली नाही. उलट बरं वाटलं, तुला खोटं कशाला सांगू.

महिन्याभराने आई न कळवता दारात उभी. पिशवीत वेखंड, वावडिंग, जुन्या लुगड्याची दुपटी. बाथरूममध्ये बाई बाळाला तेल चोळत होती. आई सरळ आत गेली, साडी गुडघ्यापर्यंत घेतली, खाली बसून पाय लांब केले. "आना इकडं."

बाईने माझ्याकडे बघितलं. "या कोन?"

"गावाकडच्या ओळखीच्या आहेत," मी म्हणाले. "आंघोळ तुम्हीच घाला."

बाई भोळी. आईला म्हणाली, "बिचारीला आय नाय. तुमी आल्या, बरा झाला."

आईने हळूच पाय जवळ घेतले, साडी सारखी केली. बाळाकडे बघत बाईला म्हणाली, "टाळूवर तेल जास्त घाला."

ती त्याच संध्याकाळच्या गाडीने का परतली, हे तू तीनदा विचारलंस, म्हणून लिहिलं. मला तिची खूप आठवण येते, आणि तरी मी फोन करत नाही. मुलगी आता बोलते, आपलं गाव कुठलं विचारते. मी करंजाडे सांगते. माझं घर आता लेकीच्याच वयाचं आहे.