कमळाची बदली

दारात कुणी दिसलं की सुमनबाई 'या' म्हणत नसत. "आली का? मले वाटलं, आजचा दिवस तरी सुखात जाते," असं म्हणत आणि चहात पाणी वाढवत. आदिलाबादला नोकरी लागल्यावर मी त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा माझंही स्वागत असंच झालं. त्या ज्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्या, तिथेच मी नवी लागले होते. "शिकवता येते, का नुसती पगारासाठी आली?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न. उत्तराची त्यांना गरज नव्हती.

त्यांचे मिस्टर दादाराव तहसीलमध्ये कारकून होते. दिवसभर लोकांच्या दरख्वास्तींत चुका काढायच्या आणि संध्याकाळी बायकोच्या भाजीत, असा नेम. पुढे त्यांना लकवा झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. "तोंड बंद झालं, पण नाक तसंच वर हाये," असं बाई त्यांच्यासमोरच सांगत.

दादारावांची खाट मागच्या खिडकीशी होती. खिडकीतून दिसायचं काय, तर घर बांधताना केलेला सिमेंटचा मोठा हौद आणि त्यामागे भिंत. "दिवसभर भिंत पाहून हे भिंतीच्याबी चुका काढतीन," म्हणत बाईंनी हौदाचं तळं करायचं ठरवलं.

मी उत्साहानं जलपर्णी घेऊन गेले. सुंदर जांभळी फुलं, तीही फुकट.

"वा! अक्कल बी फुकटच भेटली का?" बाई म्हणाल्या. "हे बाई एकटी राहत नाई. सारं खानदान बोलावते, मंग माह्या हौदात मलेच जागा नाई." आणि माझी भेट उन्हात वाळत पडली.

कडेला विटा रचून, वर बोटभर पाणी येईल अशा बेतानं त्यांनी वेखंडाच्या कुंड्या ठेवल्या. पोयणी, म्हणजे कुमुदिनी, खोल पाण्यात सोडली. कमळासाठी बिनभोकाचा पसरट टब, तळाशी थोडं शेणखत, वर कपाशीच्या शेतातली काळी माती, आणि तिच्यात आडवा ठेवलेला कंद. कोंब मातीबाहेर. निम्मं पाणी मोकळंच. मी विचारलं तर म्हणाल्या, "सारं झाकाचंच होतं तर चादर नसती का अंथरली?"

कडुनिंबाची सावली टाळून टब भरउन्हात गेला. खिडकीतून दादारावांचं डावं बोट वर झालं. नापसंत!

बाईंनी पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि पाण्यात उतरल्या. "इकडं घेऊ? का तिकडं? नोकरीत कागद जागचा हलवला नाई, अन् घरी कमळाच्या बदलीचे हुकूम!" टब हातभर सरकला, तेव्हा बोट खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. बाई पाण्यात, बोट हवेत, आणि बाईंचं तोंड गल्लीच्या टोकापर्यंत. कमळानं पानं काढली, पण कळी धरली नाही. "कसं फुलन? बूड टेकू देत नाई हा माणूस त्याले."

एका रविवारी मी दादारावांना पेपर वाचून दाखवत होते. बाई अंगणात होत्या. बोट वर झालं, तशी मी त्यांच्या उशीपर्यंत वाकून बाहेर पाहिलं. टब अगदी समोर होता. पानन् पान दिसत होतं. बाई कुरकुरत पाण्यात उतरल्या, आणि दादारावांच्या तोंडाची जी बाजू हलायची, ती हसत होती.

मी शोध लावल्यासारखी बाहेर धावले. "मॅडम, टब तर त्याईले चांगला दिसून राह्यला!"

"मले मालूम हाये."

"मंग हलवता काऊन?"

"टब कोन पाहून राह्यलं, पोरी?" त्या हळूच म्हणाल्या. लगेच खिडकीकडे वळून त्यांनी आवाज चढवला, "आता ठीक हाये का, साहेब? का अजून सरकवू?"

हिवाळ्यात एका दुपारी दादाराव झोपेतच गेले. भेटायला आलेल्यांना बाई एवढंच सांगत, "जाताना काई चूक काढली नाई. पहिल्यांदाच."

मग टबाला कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात एक कळी वर आली, पाठोपाठ दुसरी, आणि एके सकाळी दोन गुलाबी कमळं फुलली. गल्लीतल्या बाया मोबाईल घेऊन फोटो काढायला आल्या.

"आता फुलून राह्यलं," बाई कमळाकडे पाहत म्हणाल्या. "मोठं शहाणं!"

बाया गेल्यावर त्यांनी पदर खोचला आणि पाण्यात उतरल्या. टबाच्या काठाला दोन्ही हात लावले, मान वर करून खिडकीकडे पाहिलं. आत खाट नव्हती. बराच वेळ त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. टब हलवला नाही.

मग माझ्याकडे वळल्या. "अशी काय पाहून राह्यली? चहा ठेव. अन् साखर जरा हात आखडून टाक, काल पाक केला होता."