मोज्यावरचा लाल डाग

गळती दिसली की सोपानतात्यांचे हात शिवशिवतात. वालचंदनगरच्या एका वर्कशॉपात तीस वर्षं त्यांनी गॅस्केट कापली. वाफ असो, तेल असो, जिथून झिरपेल तिथं रबर बसवून वाट बंद करायची, हाच धंदा. निवृत्त होऊन गावी, निरवांगीला आले तरी खोड गेली नाही. माझ्या कृषी दुकानात शिरले की आधी फवारणीच्या पंपाला हात, मग मला रामराम. असा हा माणूस बायकोच्या डाव्या पायाला मात्र भ्याला होता. आणि ते भय माझ्याच दुकानातून त्यांच्या घरात गेलं होतं.

प्रयागवैनींना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, जुनी शुगर. पाय बधिर, काटा मोडला तरी कळत नाही. पण वांग्याच्या वावराला पाणी आलं की दारं धरायला, सरीतून सरीत पाणी वळवायला, त्याच उभ्या. पाय भिजू नयेत म्हणून मी गमबूट दिले. "एक थेंब आत जाणार न्हाय," असं छातीठोक सांगितलं. थेंब आत गेला नाही खरा, पण घामही बाहेर आला नाही. कातडी पांढरी पडली, चिखल्या चिघळल्या आणि बारामतीला दोन बोटं काढावी लागली.

तिथले डॉक्टर म्हणाले, "पुन्हा जखम झाली आणि उशिरा कळली, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. रोज संध्याकाळी पाय बघायचा."

मी शेजारच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. माझ्याही तळव्यांना तेव्हा मुंग्या येत होत्या. शुगर निघाली होती, पण मी ते कुणाला बोललो नव्हतो. दुकानदाराचं तोंड दुसऱ्यांना औषध सांगण्यापुरतंच उघडतं.

वैनींना सगळ्यांनी घरी बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरात बसून पाय राखला, तर त्याची काय पूजा मांडू?"

मग तात्याच कामाला लागले. बूट असा हवा, की पाणी बाहेर राहील आणि घामाची वाफ निघून जाईल. त्यांची मुलगी सुप्रिया पुण्याला नोकरी करते. तिचं डोंगर चढायला जायचं भारी जाकीट घरी पडलं होतं. तात्यांनी एका पेल्यात कढत पाणी घेतलं, तोंडावर त्या जाकिटाचं कापड बांधलं आणि वर ताटली धरली. ताटलीला दव धरलं. पेला उपडा केला, तर थेंब नाही. तात्यांनी लगेच कात्री घेतली. फोनवर सुप्रिया किंचाळली, "आबा, सहा हजाराचं जाकीट होतं ते!" तात्या म्हणाले, "पायाची काय किंमत करू, ते तू सांग."

बूट चालतो का, हे पायाला तर कळणार नव्हतं. म्हणून त्यांनी युक्ती काढली. वैनींनी एकावर एक दोन पांढरे मोजे घालायचे आणि मधे हळद आणि सुक्या चुन्याची भुकटी. पाणी लागलं की हळद-चुना लाल होतो. शिवणीतून पाणी आलं तर लाल रेघ उठेल, घाम कोंडला तर सगळा मोजा लाल. संध्याकाळी वैनी त्यावर लिंबू पिळायच्या, की लाल पुन्हा पिवळं व्हायचं. मग मोजा धुऊन दोरीवर.

पहिला जोड सगळाच लाल निघाला. गॅस्केटवाला माणूस तो! सुईची भोकं बुजवता बुजवता त्यांनी पंक्चरचं सोल्यूशन सगळ्या कापडावरच फासलं होतं. वाफेला वाटच उरली नव्हती. दुसऱ्यात नुसत्या शिवणीवर आतून ट्यूबच्या पट्ट्या लावल्या; एक रेघ झिरपली. तिसरा जोड घालून वैनी सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या आणि मोजा कोरडा निघाला. त्या दिवशी तात्यांनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. मीही प्यालो, आणि मनातला गमबुटाचा काटा जरा सैल झाला.

तोवर ते रोज भिंग घेऊन वैनींचा पाय बघत. बूट जमला आणि भिंग फडताळात गेलं. आता ते मोजा बघायचे.

आठवड्याभरानं घोट्यापाशी, शिवणीवर, नखाएवढा लाल ठिपका आला. तात्यांनी आतून एक पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी ठिपका रुपयाएवढा. त्यांनी पहिलीवर दुसरी पट्टी चढवली. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर होतो. तात्या बूट उलटा धरून म्हणत होते, "हितंच कुठंतरी चोर हाय. उद्या अजून जाड पट्टी मारतो."

वैनी मोरीपाशी मोजा धूत होत्या. त्यांनी लिंबू पिळलं, चोळलं, पुन्हा पिळलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "ह्यो डाग पिवळा हुईना."

"अजून एक लिंबू घे."

"दोन झाली."

तात्यांच्या हातातला बूट खाली पडला. हळद-चुना असता, तर लिंबानं बदलला असता. रक्त बदलत नाही.

त्यांनी वैनींना ओट्यावर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. बूट जमल्यापासून पहिल्यांदाच. घोट्याच्या हाडावर पट्टीच्या कडेनं कातडी सोलली होती, आत ओली लाल खोच, भोवती सूज. गळती कधी नव्हतीच. मूळच्या पट्टीची कड टोचत होती, आणि रक्त दिसलं की तात्या तिथंच आणखी रबर चढवत होते.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं. वैनींनी नुसती मान हलवली. दुखत नव्हतं, हेच भयंकर होतं.

बारामतीपर्यंत मी गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. मागच्या सीटवर तात्या तो पाय हातात धरून बसले होते आणि सारखं म्हणत होते, "मीच केलं. माझ्याच हातानं केलं." वैनी म्हणाल्या, "गप बसा. पाय माजा हाय आन रडताय तुमी." ड्रेसिंग, इंजेक्शनं, नऊ दिवस दवाखान्यात. रोज डॉक्टर चादर उचलायचे आणि तात्या भिंतीकडे तोंड करायचे. नवव्या दिवशी सूज उतरली. "तीन दिवसांत आणलंत म्हणून पाय राहिला," डॉक्टर म्हणाले. "आठवडा गेला असता, तर नसता राहिला."

आता तात्या पट्ट्या बाहेरून लावतात, आतून बोट फिरवून बघतात. भिंग दारातल्या खिळ्याला टांगलेलं असतं. पार वरकुटे गावापासून माणसं बुटासाठी येतात. तात्या त्यांना आधी एकच विचारतात, "रोज सांजच्याला तुमचा पाय कोण बघणार?"

परवा धीर करून मीही माप द्यायला गेलो. चप्पल काढली, मुंग्यांचं सांगितलं. तात्यांनी तोच प्रश्न मलाही विचारला.

माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा सुयोग नाशिकला असतो. मी दोघांचीही नावं घेऊ शकलो नाही, चपलेत पाय सरकवायला लागलो. मग वैनींनी आतून पाट आणून माझ्यासमोर ठेवला आणि तात्यांनी खिळ्यावरचं भिंग काढलं.

"ठेव त्याच्यावर पाय," ते म्हणाले. "आन उद्यापासून दुकान बंद केलं की हितनं जायचं."