दुसरी साल

मोहरीच्या पाल्यावर शिंपडायला म्हणून यानफेनने सकाळी डाव्या वाशाची पुडी उतरवली, कागद सोडला आणि तिचे हात थांबले. आत पांढरीशुभ्र मुळी होती. औषधाची.

थायनिंगच्या डोंगरात वीजदेवाची वेल मिळेल त्या झाडावर चढते. तिची मुळी सोलण्यात यानफेनचं अर्धं आयुष्य गेलं होतं. वरची जाड साल कुणीही काढेल. तिच्याखाली जो नारिंगी पापुद्रा असतो, तो मात्र कणभरही राहता कामा नये. विष त्यातच जास्त. दोन्ही साली गेल्या, की पांढरा गाभा तासन्‌तास उकळून सांधेदुखीवाल्याला द्यायचा. पापुद्र्यासकटची मुळी कुटायची, भिजवायची आणि भाजीवरच्या किड्यांवर मारायची. औषध उजव्या वाशाला, किड्यांचं डाव्या, हा सासूपासूनचा नेम.

परवा माळा झाडताना तिनेच सगळ्या पुड्या खाली काढून पुन्हा टांगल्या होत्या. आणि काल संध्याकाळी धाकटी बहीण युएचिन आली, बोटांचे सांधे सुजलेले. यानफेनने न बघता उजव्या वाशाची पुडी तिच्या पिशवीत कोंबली होती.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. युएचिन चहाच्या मळ्यात जाताना फोन घरीच ठेवते, हे ठाऊक असूनही ती लावतच राहिली. नवरा म्हणाला, घोटभर पेज तरी घे. तिच्या तोंडाकडे बघून त्याने वाटी खाली ठेवली आणि मोटारसायकल काढली. खिंडीतल्या वळणांवर तो जपून चालवत होता, ही मागून त्याची पाठ बडवत होती. खालच्या वाडीतला एक म्हातारा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यानेही अर्धवट सोललेली मुळी उकळून घेतली होती. आधी ओकाऱ्या, मग लघवी बंद, मग तिरडीच.

युएचिन नुकतीच मळ्यातून येऊन अंगणात उखळीत चहाची पानं, तीळ आणि दाणे कुटत बसली होती. यानफेनने गाडी थांबायच्या आत उडी मारली आणि तिची हनुवटी धरली.

"जीभ दाखव. पोटात कळ येतेय?"

"ताई, अंगात आलंय का तुझ्या?"

"कालची मुळी प्यायलीस?"

युएचिनने उखळीकडे बघितलं. "नाही." मग खालच्या आवाजात म्हणाली, "कधीच पीत नाही."

मग हळूहळू बाहेर आलं. वर्षभर ती तालुक्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या घेत होती. गोळ्या याच वेलीच्या, पण महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायचं, आणि वर घरचा काढा अजिबात घ्यायचा नाही, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद. ताईच्या पुड्या ती भाताच्या पेटीमागे ठेवत आली होती.

यानफेनने त्या सगळ्या आणायला लावल्या. एकेक सोडून ती उजेडात धरत गेली, नखाने खरवडत गेली. सगळ्या स्वच्छ. फक्त कालच्या पुडीत नारिंगी पापुद्रा जसाच्या तसा होता. ती पायरीवर बसली.

"घेत नव्हतीस, तर नेत कशाला होतीस?"

"नखं फुटेस्तोवर सोलतेस तू. नको कशी म्हणू?"

"आणि भिडेपोटी प्यायली असतीस, म्हणजे?"

युएचिनने कुटलेल्या चहावर गरम पाणी ओतून वाडगा पुढे केला. यानफेनने तो घेतला, पण ओठांना लावला नाही. ती उठली, बसली, पुन्हा उठली. नवरा गाडीला टेकून लांबूनच बघत होता.

"रक्त कधी तपासायचंय आता?"

"गुरुवारी."

"मी येते बरोबर. त्या बाईंना विचारायचंय, गोळ्यांसाठी एवढ्या मुळ्या सोलतं कोण, आणि सोलल्यावर बघतं कोण."