उलटं टांगलेलं कार्ड

आमच्या सेक्टरमध्ये कार्डवाल्या अंकलबद्दल आजही दोन मतं आहेत. एक म्हणजे तो पक्का लफंगा होता, आणि दुसरं म्हणजे त्याच्यामुळेच इथली निम्मी मुलं मैदानावर गेली. दोन्ही मतांचे लोक हिवाळ्यात एकाच बाकावर, उन्हात बसून शेंगदाणे खातात आणि भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही. माझं त्या माणसाशी वेगळंच वाकडं होतं. ते मुळात त्याच्याशी नव्हतंच, हे कळायला मला सत्तावीस वर्षं लागली. हुशार म्हणून शाळेत माझं फार कौतुक व्हायचं, हेही सांगून ठेवते.

बाबांना फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो. घराघरात नुकती केबल शिरत होती. सेक्टरमध्ये निम्मी घरं उभी आणि निम्मे प्लॉट रिकामे, त्यांत कमरेएवढं गवत. च्युइंगमच्या पाकिटातून क्रिकेटपटूंची कार्डं निघायची आणि मुलं ती जिवापाड जपायची. दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता, मी बारा. तो ऑफस्पिन टाकायचा, आणि दिल्लीच्या मोठ्या क्लबात निवड व्हावी याखेरीज त्याला दुसरं काही नको होतं. बाबांच्या लेखी ही सगळी थेरं होती. "बारावीत दिवे लावा आधी," एवढंच ते म्हणायचे.

अंकलचं दुकान मार्केटच्या तळघरात होतं. मे महिन्यातसुद्धा त्याच्या अंगात वाइन रंगाचा कोट, पायात पांढरे बूट, तीन बोटांत अंगठ्या. जिन्यावर पाय ठेवला की आधी अत्तराचा वास यायचा, मग तो दिसायचा. मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या, आणि प्रत्येक दोरीला चिमट्यांनी अडकवलेली कार्डं. देशी, विलायती, सहीची, बिनसहीची. दोन-अडीचशे चेहरे एकाच वेळी आपल्याकडे बघताहेत असं वाटायचं. त्यांतली काही कार्डं मात्र उलटी असायची, डोकं खाली, पाय वर.

दुपारी वीज गेली की अंकल इमर्जन्सी लाइट जमिनीवर ठेवायचा. खालून उजेड पडला की सरळ चेहरे अंधारात जायचे आणि उलटे तेवढे उजळायचे. वर मार्केटमधले पंखे, कूलर, सगळं एकदम बंद पडलेलं असायचं. त्या शांततेत आम्ही मुलं श्वास रोखून उभी राहायचो. कार्ड उलटं करताना अंकलला मी स्वतः पाहिलंय. चिमटा काढायचा, कार्ड फिरवायचा आणि त्या चेहऱ्याला अगदी अदबीने म्हणायचा, "चलिए जनाब, अब आराम कीजिए।" काही दिवसांनी ते कार्ड तिथून नाहीसं व्हायचं. उरायचा नुसता चिमटा.

हे असं का, म्हणून आम्ही विचारलं होतं. त्याने ओठांवर अंगठीचं बोट ठेवलं आणि हसला.

मग आम्हीच शोध लावला. एका वेगवान गोलंदाजाचं कार्ड उलटं झालं आणि आठवड्याभरात तो पाठ धरून संघाबाहेर बसला. नंतर एका यष्टिरक्षकाचं झालं आणि त्याला वगळलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आई आम्हाला सांगून दमली. पण उलटी झालेली आणि काहीच न घडलेली कार्डं कोण मोजत बसणार? ज्याचं कार्ड उलटं झालं त्याचा खेळ संपला, हे आमच्यात वेदवाक्य झालं.

सगळ्यांत खालची दोरी आमच्या सेक्टरच्या मुलांची होती. ही अंकलची खास कल्पना. मैदानाच्या कडेला उभा राहून तो मुलांचा खेळ बघायचा. एखादा मनात भरला की त्याच्याकडून फोटो मागून घ्यायचा आणि ओळखीच्या छापखान्यातून खऱ्यासारखं कार्ड छापून आणायचा. मागे सामने, धावा, बळी. त्या दोरीवर लटकायला मिळणं म्हणजे आमच्याकडे मोठाच मान होता. फक्त नियम एकच, ज्याचं कार्ड त्याने ते विकत घ्यायचं नाही. "अपना कार्ड खुद नहीं खरीदते बेटा। कोई दूसरा माँगे, तब आदमी खिलाड़ी," असं तो ठणकावून सांगायचा. मग त्या दोरीवर महिनोन्महिने कोणी मागत नसलेली मुलं लटकत राहायची.

एकदा त्यांतलं एक उलटं झालं. पाचव्या दिवशी त्या मुलाला चौकात ट्रकने उडवलं. वाचला, पण गुडघा गेला. त्यानंतर आम्ही तळघरात शिरलो की आधी वाकून खालची दोरी बघायचो.

दादाचं कार्ड त्या दोरीवर लागलं तेव्हा त्याने घरात कोणालाच सांगितलं नाही, पण दोन दिवस शिट्टी वाजवत फिरला. पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या क्लबाची ट्रायल होती. बाबा म्हणाले, "जायचं तर जा. पण निवड झाली नाही तर हा विषय घरात पुन्हा निघता कामा नये." म्हणजे एकच दिवस, एकच संधी. दादाने ते मुकाट्याने कबूल केलं.

आता माझा भाग. त्याच्या सगळ्या मॅचचा स्कोअर मी लिहायचे. ट्रायलच्या आदल्या दिवशी त्याच्या मित्रांनी वही मागितली, तर तो सगळ्यांदेखत म्हणाला, "यार, उसकी कॉपी मत देखो। उसे तो वाइड और नो-बॉल का फर्क नहीं पता।" सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा मार्केटमध्ये गेले, तळघरात उतरले, वाकले. दादाचं कार्ड उलटं होतं.

मी घाबरले, हे खरं. पण त्या भीतीच्या तळाशी कुठेतरी बरंही वाटलं, हेही तितकंच खरं. मी त्याला काळजीपोटी सांगितलं, असं मी पुढे स्वतःला कितीतरी वर्षं पटवत राहिले. काळजी असती तर मी गप्प बसले असते.

सकाळी दादा बाल्कनीत बसून बुटांना पांढरा रंग लावत होता. बाबा कारखान्यात गेले होते, आई आंघोळीला. मी म्हणाले, "तुझं कार्ड उलटं झालंय. काल बघून आले." त्याने वर पाहिलं नाही. बूट पांढरा झाला तरी तो त्याच जागी ब्रश फिरवत राहिला. मग किटबॅग उचलली आणि निघाला.

दुपारी परत आला. "नाही झालं," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळी आले. त्यांनी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. त्यानंतर दादाने हातात चेंडू धरला नाही. इंजिनिअर झाला, गुडगावच्या कंपनीत लागला, दोन मुलांचा बाप झाला. बाबांशी तो नीट वागायचा, पण त्या दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं. माझ्या एका वाक्याने हे केलं, असं मला वाटायचं, आणि ते मी कोणाला बोलून दाखवलं नाही.

ट्रायलच्या वर्षीच्याच हिवाळ्यात अंकल गेला. त्याचंही एक कार्ड होतं, सगळ्यांत वरच्या दोरीवर, मधोमध. तोच कोट, हातात बॅट, मागे छापलेलं, "रन: अनगिनत।" एके दुपारी माझं लक्ष गेलं. ते उलटं होतं. मी घाबरत म्हणाले, "अंकल, आपका कार्ड उलटा है।" त्याने मान वर करून बराच वेळ पाहिलं. कोटाची बटणं लावली. "अच्छा?" म्हणाला. "मैंने तो नहीं किया।" चौथ्या दिवशी शटर उघडलं नाही. झोपेतच गेला म्हणे.

तेराव्याच्या आतच भानगड बाहेर आली. दोन गिऱ्हाइकांनी आपापली सहीची कार्डं शेजारी ठेवून पाहिली. खेळाडू वेगळे, देश वेगळे, सहीचं वळण एकच. पुढे त्याच्या कपाटात सह्या गिरवलेल्या वह्याच सापडल्या. लोकांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. आणि त्याच आठवड्यात चार मुलांचे बाप त्याच्या दारात हात जोडून उभे होते. त्यांच्या मुलांचे बूट आणि कोचिंगची फी हाच माणूस भरत होता. तीही त्याच खोट्या सह्यांच्या कमाईतून, हे उघड होतं. बाकावरचं भांडण तिथून सुरू झालं.

मागच्या वर्षी बाबा गेले. आई आधीच गेली होती. फ्लॅट रिकामा करायला मी नोएडाहून यायचे. एके दिवशी मार्केटमध्ये कार्डवाल्या आंटी, म्हणजे अंकलची बायको, भेटल्या. थकल्यात आता. म्हणाल्या, "बेटा, घर आना। तुम्हारे पापा की एक चीज़ रखी है।"

बाबांची वस्तू, यांच्याकडे? बाबा त्या माणसाला सर्कशीतला जोकर म्हणायचे. मी गेले. आंटींनी एक खाकी पाकीट पुढे ठेवलं. वर बाबांचं आडनाव, बाबांच्याच अक्षरात. आत दादाचं कार्ड होतं. सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, कॅमेऱ्याकडे रागाने बघणारा.

"हे... हे तर उलटं केलं होतं," मी मराठीतच बोलून गेले. मग सावरून हिंदीत विचारलं.

"हाँ, उलटा मतलब बुक," आंटी म्हणाल्या. "ताकि कोई और न माँगे। बड़े लोग शाम को आकर बोल जाते थे, बच्चों को वो बताते नहीं थे। तुम्हारे पापा ट्रायल से पहले बुक कर गए थे। तुम्हारे अंकल के गुज़र जाने के बाद मैंने कहा भी, ले जाइए। बोले, अभी रहने दीजिए, लड़का खेलेगा तो ले जाऊँगा।"

मला रडू आवरेना. मार्केटच्या त्या जिन्याशी बाबा एकदा मला समोरून भेटले होते, हातात भाजीची पिशवी. "इथे काय करतेस? घरी चल," म्हणून खेकसले होते. मी पकडले गेले असं मला वाटलं होतं. पकडले गेले होते ते.

डोळे पुसून मी विचारलं, "और अंकल का? उनका अपना कार्ड भी उलटा था।"

आंटी विचारात पडल्या. "उनका? वो तो किसी ने बुक नहीं किया था," म्हणाल्या. मग चहात साखर किती घालू, असं विचारलं. मी दोन चमचे म्हणाले.

रविवारी दादा फ्लॅटवर आला. खोल्या रिकाम्या होत्या, बोललेलं घुमत होतं. मी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. उलटं म्हणजे काय ते, बाबांनी काय म्हटलं ते, आणि त्या सकाळी मी रागाने सांगितलं होतं तेही. ओरडेल, निदान काहीतरी बोलेल, म्हणून वाट बघत उभी राहिले.

तो खिडकीच्या कट्ट्यावर बसला. कार्ड गुडघ्यावर ठेवलं.

"तुझ्यामुळे नाही गं," तो म्हणाला. "भीती वाटली होती, पण मी ग्राउंडवर गेलो होतो. पॅव्हेलियनपाशी बूट बांधत होतो. समोर लिंबाखाली बाबा उभे. कारखान्याच्या कपड्यांत, हातात डबा. मला वाटलं, ओढत घरी न्यायला आले. मी मागच्या भिंतीआड लपलो."

"मग?"

"तीन वेळा नाव पुकारलं माझं. मी हललो नाही. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा बाबा झाडाखालून पुढे आले, आणि मैदानभर मला शोधायला लागले."